∞ + १ = ∞ चालतं, मग दोन्हीकडून ∞ वजा केलं तर का चालत नाही?

सांजसावली
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते शेवटी इथे टाकतेय. सगळीकडे वाचायला मिळतं की इन्फिनिटी अधिक एक बरोबर इन्फिनिटीच. ठीक आहे, मान्य, एवढ्या मोठ्या गोष्टीत एक टाकून काय फरक पडणार. पण ते समीकरण आहे ना, आणि समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी सारखंच वजा केलं तर ते टिकतं हे तर शाळेतच शिकवतात, मग दोन्हीकडून इन्फिनिटी वजा केली की उरतं १ = ०. यावर दरवेळी मिळणारं उत्तर म्हणजे "इन्फिनिटी ही संख्या नाही, संकल्पना आहे, तिच्यावर आकडेमोड करायची नसते". मला हे अजिबात पटत नाही. पाच पण संकल्पनाच आहे, वजा दोन पण. आणि आकडेमोड करायचीच नसेल तर ∞ + १ = ∞ हे तरी कशाला लिहिता, ती काय वेगळी आहे? बेरीज चालते आणि वजाबाकी चालत नाही हे ठरवलं कोणी, कशावरून? सूत्रं असली तरी चालतील, पण कारण हवंय.

एकरेघ
इन्फिनिटी नंबर नाहीये. कॅल्क्युलसमध्ये ∞ − ∞ ला अनिश्चित रूप म्हणतात, ते लक्षात ठेवलं की पुरतं. यापुढे खोलात जाऊन हाती काही लागत नाही असं माझं मत.

सांजसावली
@एकरेघ, अनिश्चित का, तेच तर विचारतेय.

खडूफळा
सांजसावली, नेमक्या जागी बोट ठेवलंत. "संख्या नाही, संकल्पना आहे" या उत्तराने विचारणारा गप्प बसतो, कळत मात्र काहीच नाही, म्हणून मीही ते कधी देत नाही.

आधी वजाबाकी म्हणजे काय ते बघू. ७ − ३ म्हणजे "तीनमध्ये किती मिळवले की सात होतील" याचं उत्तर. असं उत्तर असतं आणि ते एकच असतं म्हणून वजाबाकीला अर्थ आहे. आता विचारा, इन्फिनिटीत किती मिळवले की इन्फिनिटी होईल. शून्य मिळवा, होईल. एक मिळवा, होईल, शंभर मिळवा, होईल, खुद्द इन्फिनिटी मिळवली तरी होईल. उत्तरं हवी तेवढी आहेत आणि त्यातलं एक निवडायला काही आधार नाही, अनिश्चित म्हणतात ते यालाच. ० ÷ ० चं दुखणंही हेच आहे, तिथेही कुठलीही संख्या बसते.

प्रत्यक्ष करून बघा. १, २, ३, ४… अशा सगळ्या नैसर्गिक संख्या घ्या. त्यातल्या सगळ्या सम संख्या काढा, विषम उरल्या, म्हणजे अनंत उरल्या. परत सगळ्या घ्या, आता ४ पासून पुढच्या सगळ्या काढा, उरल्या तीन. परत घ्या आणि सगळ्याच काढून टाका, उरलं शून्य. आता गंमत अशी की तिन्ही वेळा काढलेला ढीग आकाराने सारखाच होता. सम संख्यांची १ शी २, २ शी ४, ३ शी ६ अशी जोडी लावता येते, ४ पासूनच्या संख्यांची १ शी ४, २ शी ५, ३ शी ६ अशी, दोन्हीकडे जोडीविना कोणी राहत नाही. म्हणजे त्याच ढिगातून तेवढाच ढीग काढला आणि एकदा अनंत उरले, एकदा ३, एकदा काहीच नाही. बेरजेत असं होत नाही, दोन अनंत ढीग (अशा मोजता येणाऱ्यांचे) कसेही एकत्र करा, अनंतच येतो. म्हणून बेरीज लिहिता येते आणि वजाबाकी लिहिता येत नाही. कोणी मुद्दाम बंदी घातलेली नाही.

गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात हीच अडचण वर्गसंख्यांवर मांडली होती, प्रत्येक संख्येला तिचा वर्ग जोडता येतो म्हणजे वर्ग तितकेच, पण ज्या संख्या वर्ग नाहीत त्या तर ढिगाने आहेत. त्याने निष्कर्ष काढला की लहान, मोठं, समान हे शब्द अनंताला लावूच नयेत. जवळजवळ अडीचशे वर्षांनी जर्मन गणिती कॅन्टरने नेमकं उलटं केलं, जोडी लागली की समान हीच व्याख्या धरली आणि पुढे काय निघतं ते न घाबरता बघितलं. मला हे धाडस फार मोठं वाटतं.

कोडकरी
कम्प्युटरमध्ये हे सगळं रोज चालू असतं म्हणून थोडं त्या बाजूने. दशांश आकड्यांच्या गणितासाठी १९८५ ला आयईईई ७५४ नावाचं स्टँडर्ड आलं, त्यात इन्फिनिटी ही रीतसर किंमत आहे. इन्फिनिटी + १ = इन्फिनिटी. इन्फिनिटी × २ = इन्फिनिटी. १ ÷ इन्फिनिटी = ०. पण इन्फिनिटी − इन्फिनिटी केलं की उत्तर येतं नॅन, म्हणजे "हा आकडाच नाही". शून्य गुणिले इन्फिनिटी पण नॅन. आणि नॅन स्वतःशी पण समान नसतो, नॅन == नॅन विचारलं तर फॉल्स येतं.

हे कशाला ठेवलंय तर, समजा दोन रेझिस्टर समांतर जोडलेत, सूत्र १ ÷ (१/र१ + १/र२). र१ शून्य असेल तर १/० येतं, साधारण कोणी म्हणेल प्रोग्रॅम मेला. पण इथे १/० = इन्फिनिटी, इन्फिनिटी + १/र२ = इन्फिनिटी, आणि १ ÷ इन्फिनिटी = ०. शॉर्ट सर्किटचा रोध शून्य, म्हणजे उत्तर बरोबर आलं, वेगळी इफ-एल्स लिहावी लागली नाही. जावास्क्रिप्टमध्ये १/० टाकून बघा, इन्फिनिटी येईल. पायथॉन मात्र एरर देतो, तो त्या भाषेचा निर्णय आहे.

फक्त एक भान ठेवायचं, इथली इन्फिनिटी म्हणजे "माझ्या आवाक्याबाहेर गेलं" असंही असू शकतं. आवाका साधारण १.८ × १०^३०८ पर्यंत, त्याच्या पुढे गेलात की इन्फिनिटी. आणि क्ष + १ = क्ष व्हायला तर एवढंही लागत नाही, १०^१६ मध्ये १ मिळवला तरी ६४ बिटांच्या आकड्यात तो १०^१६ च राहतो कारण तेवढे अंक साठवायला जागाच नाही.

सांजसावली
@खडूफळा ढिगांचं एकदम कळलं, आभार. @कोडकरी रेझिस्टरचं उदाहरण मस्त. पण मग असं काही जग बनवता येतं का ज्यात अनंत पण आहे आणि वजाबाकी पण चालते? की ते कायमचंच अशक्य?

जुनीपोथी
या विषयावर आपल्याकडचं काही आल्याशिवाय धागा अपुरा राहील. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्यासाठी बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम दिले, पण ज्याच्या छेदात शून्य आहे त्याला नुसतं नाव देऊन थांबला. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास पुढचं पाऊल टाकलं. अशा राशीला त्यांनी खहर म्हटलं, ख म्हणजे शून्य, ते जिचा हर आहे ती, आणि बीजगणितात लिहिलं:

अस्मिन् विकारः खहरे न राशावपि प्रविष्टेष्वपि निःसृतेषु ।
बहुष्वपि स्याल्लयसृष्टिकालेऽनन्तेऽच्युते भूतगणेषु यद्वत् ॥

म्हणजे या खहर राशीत कितीही आत आले, कितीही बाहेर गेले तरी बदल होत नाही, जसा सृष्टी आणि प्रलयाच्या वेळी असंख्य जीव आले-गेले तरी त्या अनंत अच्युतात होत नाही. ∞ + १ = ∞ आणि ∞ − १ = ∞ हे दोन्ही यात आलं की नाही सांगा. कॅन्टरच्या सातशे वर्षं आधी. तेव्हा अनंताला गणित लागू आहे हे आपल्याकडे ठरलेलंच होतं.

खडूफळा
@जुनीपोथी, श्लोक दिलात फार बरं झालं, माझाही तो आवडता आहे. आत येणं आणि बाहेर जाणं दोन्हींचा विचार त्यात आहे हे खरंच मोठं आहे. पण "ठरलेलंच होतं" एवढं मी म्हणणार नाही. ३/० पण खहर आणि ५/० पण खहर, दोन्ही एकच मानले तर परत शून्याने गुणून ३ = ५ करता येतं, ही खिंड त्यांनी बुजवलेली नाही. उलट लीलावतीत ते सांगतात की एखाद्या राशीला शून्याने गुणलं आणि पुढे शून्यानेच भागायचं असेल तर राशी आहे तशीच समजावी. त्यावर गणित पण आहे, एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच अर्धं मिळवलं, तिनाने गुणलं, शून्याने भागलं तर ६३ आले, संख्या कोणती? उत्तर १४. करून बघा, १४ आणि ७ मिळून २१, तिप्पट ६३. शून्याला नुसतं शून्य न मानता "शून्याकडे जाणारी लहान राशी" मानलं तर हे अगदी बरोबर आहे, आणि ती लिमिटचीच वाट आहे. भास्कराचार्य त्या वाटेवर किती पुढे होते हे बघूनच मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो, त्यासाठी सगळं त्यांच्या नावावर टाकायची गरज वाटत नाही.

जुनीपोथी
३ = ५ ची अडचण मान्य. पण ६३ चं उदाहरण तुम्ही दिलंत म्हणून सांगतो, ते खगोलगणितात उपयोगी पडतं असं त्यांनीच नोंदवलंय. म्हणजे खेळ म्हणून लिहिलेलं नाही.

मृगजळ
हे सगळं ठीक पण मग १ + २ + ३ + ४ + … = −१/१२ चं काय? रामानुजनने लिहिलंय ते, म्हणजे अनंत बेरजेचं उत्तर ऋण अपूर्णांक पण येतं. इथे तर मोठमोठ्या लोकांनी आकडेमोड केलेली आहे मग सगळं चालतं असंच म्हणायचं ना.

तिरपीरेघ
@मृगजळ, रामानुजनने १९१३ ला इंग्लिश गणिती हार्डीला लिहिलेल्या पत्रात ते आहे खरं, पण त्याच पत्रात त्याने सांगितलंय की हे माझ्या सिद्धांताप्रमाणे आहे. नेहमीच्या अर्थाने ती बेरीज वाढतच जाते, १, ३, ६, १०, १५, तिला कुठेच थांबा नाही. −१/१२ ही झीटा फंक्शनची (१/१^स + १/२^स + १/३^स + … या बेरजेवरून बनलेल्या फंक्शनची) स = −१ ला येणारी किंमत आहे, ज्या भागात बेरीज चालते तिथून फंक्शन पुढे वाढवत नेलं की ती मिळते. खरी आहे, उपयोगी आहे, पण तिला "बेरीज" म्हणायचं तर बेरजेची व्याख्या बदलली हे आधी सांगायला हवं. व्हिडिओंमध्ये ते सांगत नाहीत, ओळी सरकवतात, मध्ये शून्यं घुसवतात आणि लोक गोंधळतात, याचा मला मनापासून राग येतो.

ओळी सरकवणं किती धोक्याचं आहे ते बघायला −१/१२ पर्यंत जायलाच नको. ही घ्या,

१ − १/२ + १/३ − १/४ + १/५ − …

ही नीट थांबते, साधारण ०.६९३ ला. आता तेच सगळे आकडे, एकही न गाळता आणि एकही दोनदा न घेता, फक्त क्रम बदला, एक अधिकचा मग दोन वजाचे:

१ − १/२ − १/४ + १/३ − १/६ − १/८ + १/५ − …

१ − १/२ म्हणजे १/२, मग −१/४, मग १/३ − १/६ म्हणजे १/६, मग −१/८, पुढे १/१०… म्हणजे १/२ − १/४ + १/६ − १/८ + …, बरोबर मूळ मालिकेची निम्मी. ०.३४७ च्या आसपास. आकडे तेच, बेरीज निम्मी! रीमानने तर दाखवलं की अशा मालिकेचे आकडे फिरवून हवी ती बेरीज आणता येते. मर्यादित आकड्यांत क्रम बदलला तर फरक पडत नाही हे आपण इतकं गृहीत धरतो की तो नियम अनंतात सोबत येईलच असं वाटतं. इथे तो येत नाही. सगळ्या आकड्यांची चिन्हं काढून केलेली बेरीज थांबत असेल तरच येतो.

मृगजळ
हे मी कॅल्सीवर पहिले साठ आकडे घेऊन करून बघितलं, खरंच अर्ध्याकडे जातंय. हादरलो.

ओवीबद्ध
@सांजसावली, वजाबाकी चालणारं जग बनवता येतं का असं तुम्ही विचारलंत आणि मध्ये चर्चा दुसरीकडे गेली. येतं. पण किंमत मोजावी लागते आणि ती कोणती हे तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये सिद्ध केलंय, तुमच्या लक्षात आलं नसेल. ∞ + १ = ∞ धरलं, आणि दोन्हीकडून वजा करायची मुभा धरली, की १ = ० येतं. म्हणजे १ आणि ० वेगळे ठेवायचे असतील तर या दोनपैकी एकच ठेवता येईल. कॅन्टरने पहिलं ठेवलं, दुसरं सोडलं. दुसरं ठेवून पहिलं सोडणारेही आहेत. अब्राहम रॉबिन्सनने १९६० च्या दशकात अशा संख्या बांधल्या ज्यात अनंत मोठी संख्या समजा क्ष असेल तर क्ष + १ तिच्याहून एकाने मोठी, क्ष − १ एकाने लहान, क्ष − क्ष = ०, आणि १ ÷ क्ष ही शून्याहून मोठी पण प्रत्येक नेहमीच्या अपूर्णांकाहून लहान. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळं शाळेतल्यासारखं. जॉन कॉन्वेच्या सर्रियल संख्यांतही क्ष/२, क्ष चं वर्गमूळ असं सगळं मिळतं. फक्त तिथे "ती एक इन्फिनिटी" राहत नाही. अनंत मोठ्या संख्या अगणित, आणि सगळ्यात लहान अनंत अशी कुठली नाहीच, कारण एक वजा केला की त्याहून लहान तयार.

आणि मधला एक प्रकार मला सगळ्यात भारी वाटतो तो म्हणजे क्रम मोजणाऱ्या संख्या, कॅन्टरच्याच. रांगेची कल्पना करा, पहिला दुसरा तिसरा अशी न संपणारी रांग, तिला ओमेगा म्हणू. आता सगळ्यांच्या पुढे एक जण येऊन उभा राहिला. प्रत्येकाचा नंबर एकाने सरकला, पण रांग दिसायला तशीच, म्हणजे १ + ओमेगा = ओमेगा. पण तोच माणूस सगळ्यांच्या मागे उभा राहिला तर? आता एक जण असा आहे की ज्याच्या पुढे अनंत लोक आहेत आणि जो रांगेत शेवटचा आहे. आधीच्या रांगेत शेवटचा कोणी नव्हताच. म्हणजे ओमेगा + १ ही वेगळीच संख्या. बेरजेचा क्रम बदलला की उत्तर बदलतं.

आणि तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असा की इथे डावीकडून काढून टाकणं चालतं. ओमेगा + क = ओमेगा + ख असेल तर क = ख नक्की. उजवीकडून नाही चालत, १ + ओमेगा = ० + ओमेगा आहे पण म्हणून १ = ० होत नाही. म्हणजे तुमची वजाबाकी अर्धी जिवंत आहे!

सांजसावली
ओवीबद्ध, हे वाचून मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले. पहिल्या पोस्टला मी विरोधाभास म्हणून बघत होते आणि ती सिद्धता निघाली.

निर्गुणी
थोडा वेगळा सूर लावतो. ढीग काढा, रांग लावा, हे सगळं "पूर्ण झालेला" अनंत हातात आहे असं धरून चाललंय. तो कुणी बघितलाय? ॲरिस्टॉटल म्हणायचा की अनंत म्हणजे पुढे जात राहता येणं, पोचून झालेलं काही नाही. गणिती गाऊसने १८३१ ला एका पत्रात असंच लिहिलं की पूर्ण झालेली अनंत राशी गणितात वापरायला माझा विरोध आहे, ती फक्त बोलण्याची पद्धत आहे. कॅन्टरच्या काळातल्या क्रोनेकर या गणितज्ञाचा कॅन्टरला विरोध तर प्रसिद्धच. मला ही बाजू जास्त प्रामाणिक वाटते. ज्याची मोजणी संपत नाही त्याची बेरीज करून काय मिळवलं?

खडूफळा
@निर्गुणी, ही बाजू हलकी नाही आणि कॅल्क्युलस तर गाऊसच्याच बाजूने उभं आहे. तिथे ∞ हे चिन्ह म्हणजे "पुढे जात रहा" एवढंच. सांजसावली, एकरेघ म्हणाले ते अनिश्चित रूप इथे दिसेल. √(क्ष² + ३क्ष) − क्ष घ्या. क्ष वाढत गेला की पहिला भाग अनंताकडे, दुसरा पण अनंताकडे, म्हणजे ∞ − ∞. किमती काढा:

क्ष = १०० ला १.४८८९
क्ष = १००० ला १.४९८९
क्ष = १०००० ला १.४९९९ (चार स्थळांपर्यंत)

१.५ कडे चाललंय. ३ च्या जागी १० घ्या, ५ कडे जाईल. म्हणजे ∞ − ∞ चं उत्तर "नाही" असं नाही, ते दोन अनंत कुठल्या वाटेने आले यात ते उत्तर दडलेलं असतं, आणि ती वाट ∞ हे चिन्ह लिहिताना आपण पुसून टाकलेली असते. अनिश्चित चा खरा अर्थ एवढाच की माहिती अपुरी आहे.

पण पूर्ण झालेला अनंत टाकून द्या या मताशी मात्र मी नाही. तो टाकला तर कॅन्टरचा १८७४ चा शोध मांडायला भाषाच उरत नाही, की वास्तव संख्यांची (दशांशात लिहिता येणाऱ्या सगळ्या संख्यांची) नैसर्गिक संख्यांशी जोडी लागूच शकत नाही. अनंत एकच नाही, लहान-मोठे आहेत, हे "पुढे जात रहा" म्हणून कसं सांगणार?

निर्गुणी
तिथे तुमचा माझा मतभेद राहील. पण वाट पुसली जाते हे पटलं.

एकरेघ
@खडूफळा १.५ चं उदाहरण मी शेकड्याने सोडवलेत, वाट पुसली जाते असं कधी कोणी सांगितलं नव्हतं. मग गुणाकार आणि घात? ते चालतात का ढिगांच्या अनंतात?

ओवीबद्ध
गुणाकार चालतो पण नवीन काही देत नाही. नैसर्गिक संख्यांच्या आकाराला अलेफ-शून्य म्हणतात, अलेफ-शून्य गुणिले अलेफ-शून्य परत अलेफ-शून्यच, म्हणून तर सगळे अपूर्णांक पण नैसर्गिक संख्यांइतकेच निघतात. घाताला मात्र खरी उडी आहे, २ चा अलेफ-शून्य घात हा अलेफ-शून्याहून मोठाच असतो आणि वास्तव संख्या नेमक्या तेवढ्या असतात. आता साधा प्रश्न विचारा, हा घात अनंतांच्या यादीत कितवा? पुढचाच, म्हणजे अलेफ-एक? कॅन्टरला वाटायचं की हो, आयुष्यभर सिद्ध करता आलं नाही. हिल्बर्ट या गणितज्ञाने १९०० ला न सुटलेल्या प्रश्नांची यादी मांडली, तिच्यात हा पहिला प्रश्न ठेवला. मग गोडेलने दाखवलं की संचांच्या नेहमीच्या गृहीतकांवरून हे खोटं पाडता येणार नाही, आणि १९६३ ला पॉल कोहेनने दाखवलं की खरंही ठरवता येणार नाही (ती गृहीतकं आपसात विसंगत नाहीत असं धरून). "दोनाचा अमुक घात किती" एवढा सरळ आकडेमोडीचा प्रश्न, आणि उत्तर द्यायला आपले नियमच कमी पडतात.

मृगजळ
वास्तव संख्यांची जोडी लागत नाही हे कसं दाखवतात? कोणी थोडक्यात सांगेल का.

खडूफळा
कॅन्टरची १८९१ ची रीत सांगतो, ती सगळ्यात सोपी. समजा कोणी ० ते १ मधल्या सगळ्या दशांश संख्यांची यादी आणली, पहिली, दुसरी, तिसरी अशी. मी एक नवीन संख्या बनवतो. पहिल्या संख्येचा पहिला अंक बघतो, तो ३ असेल तर मी ७ लिहितो, नसेल तर ३. दुसऱ्या संख्येचा दुसरा अंक बघून तसंच, तिसऱ्याचा तिसरा, असं चालू. तयार झालेली संख्या यादीतल्या पहिलीपेक्षा पहिल्या अंकात वेगळी, दुसरीपेक्षा दुसऱ्या अंकात, म्हणजे यादीत ती कुठेच नाही. यादी कुठलीही आणा, हेच होणार.

तिरपीरेघ
आणि ३ नि ७ च का असं कोणी विचारेल म्हणून: ०.५००० आणि ०.४९९९… ही एकच संख्या दोन प्रकारे लिहिलेली असते, त्यामुळे अंक वेगळे असूनही संख्या तीच असं होऊ शकतं. नवीन संख्येत ० आणि ९ येऊच दिले नाहीत की ती पळवाट बंद होते.